वाळुंजाचा पाय

त्या कोरड्या मुलखात पाणी कुठे आहे हे कोणाला विचारावं लागत नसे. टेकडीवर उभं राहून खाली बघायचं. करड्या रानातून एक हिरवी रेघ वाकडीतिकडी जाताना दिसली की तो ओढा, आणि ती रेघ म्हणजे त्याच्या काठची वाळुंजाची झाडं. ओढा वर्षातले निम्मे महिने डबक्याडबक्यांनी कसाबसा टिकून असायचा, पण झाडं जागची हलत नसत. बुंधे पाण्याकडे झुकलेले, मुळं काठाच्या मातीत घट्ट रुतलेली, पानं वरून हिरवी आणि वाऱ्याने उलटली की पोटाकडून रुपेरी. बोंडं फुटली की गावभर कापूस उडायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून तो वेचता वेचता बायका वैतागायच्या.

पायवाल्याचं पोट या झाडांवर चालायचं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून त्याची कार्यशाळा होती, आणि तिथे तो लाकडाचे पाय करायचा. शेजारी बेकरी होती. तिच्या मालकाला सगळे पाववाला म्हणत, त्यामुळे गोंधळ ठरलेला. नवखा माणूस पाय मागायला हमखास बेकरीत शिरायचा. पाववाला हातातलं पीठ झटकत सांगायचा, "पाय शेजारी. इथे नुसते पाव. तसे तेही बरे चालतात."

पायाला वाळुंजासारखं लाकूड नाही, हे पायवाला ज्याला त्याला सांगत असे. वजनाला हलकं, अंगाने चिवट, दिवसभर बांधून फिरलं तरी मांडीला ओझं होत नाही. त्याची एकच अट, वाट बघायची. ताजं तोडलेलं वाळुंज म्हणजे पाण्याने भरलेली पखाल. त्याच्या ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण फासून ते सावलीत, वारा खेळेल असे माळ्यावर रचायचे आणि दोन-तीन वर्षं विसरून जायचं. घाई केली की लाकूड बाहेरून सुकतं, आत ओलं राहतं, आणि मग स्वतःशीच ओढाताण करून आतल्या आत चिरतं. म्हणून पायवाला घाई करणाऱ्यांना सरळ परत पाठवायचा. "लाकूड तयार नाही," तो म्हणायचा. "तुम्ही समजावून बघा, तुमचं ऐकलं तर." माणसं चिडायची, पण परत यायची, कारण त्याचा पाय कधी दगा देत नाही अशी त्याची ख्याती होती. त्या ख्यातीचा त्याला अभिमान होता. जरा जास्तच होता.

मागे एका पुरात काठचं एक जुनं झाड उन्मळून पडलं होतं. त्याचे ठोकळे त्याने वर्षानुवर्षं पुरवून पुरवून वापरले. आता माळ्यावर शेवटचा एक उरला होता, आणि त्यावर त्याने खडूने 'म' लिहून ठेवला होता. म म्हणजे मेव्हणा.

मेव्हणा शाळेत कवायतीचा मास्तर होता. त्याला समोरून येताना बघून पोरंच काय, रस्त्यावरचे म्हातारेही पोक सोडून सरळ व्हायचे. मैदानावरचा लोखंडी खांब त्याच्या डाव्या पायावर पडला, जखम चिघळली, आणि डॉक्टरांना गुडघ्याखालून पाय काढावा लागला. त्याला पुढेमागे कोणी नव्हतं, लग्नही केलं नव्हतं. बहिणीने त्याला आपल्याकडे आणलं. पायवाल्याच्या घरात कुबड्यांची टकटक सुरू झाली. पण माणूस असा, की आल्या दिवशी बहीण डोळे पुसायला लागली तर म्हणाला, "ताई, रडतेस काय? आता निम्मेच मोजे धुवायचे."

शाळेच्या मोठ्या बाई त्याला भेटायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हा फाटकातून चालत आत या, जागा तुमचीच आहे. त्यापुढे मात्र मला नवा मास्तर घ्यावा लागेल.

"लाकडी पाय चालेल ना बाई?" मेव्हण्याने विचारलं.

"तुम्ही चाललात की तोही चालेल," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मेव्हणा पायवाल्याकडे वळला. "दाजी, मला काळजीच नाही. लोक देशभरातून तुमच्याकडे येतात. मी तर घरातच बसलोय."

सगळं ठरलं होतं. प्लास्टरचा साचा घेऊन झाला होता. ठोकळा माळ्यावरून उतरवायचा तेवढा बाकी होता, आणि त्याच आठवड्यात गाणारी बाई आली.

तिचा आवाज पायवाला काम करताना रेडिओवर ऐकत असे. ती कार्यशाळेच्या दारात उभी राहिली तेव्हा त्याच्या हातातली पटाशी हातातच राहिली. गाडीच्या अपघातात तिचा पाय गेला होता. परदेशातून आणलेला लोखंडी पाय ती वापरत होती, पण तो जड होता, आणि त्याहून वाईट म्हणजे कुरकुरायचा. "मी हळू आवाजात गायला लागले," ती म्हणाली, "की नेमका तो साथ द्यायला येतो." मोठ्या सभागृहात तिचा कार्यक्रम व्हायचा होता. अपघातानंतरचा पहिलाच. तोवर हलका, मुका पाय होईल का?

'लाकूड तयार नाही' हे शब्द त्याच्या जिभेवर कायम बसलेले असायचे. त्या दिवशी ते उठून गेले. शिडी लावून त्याने ठोकळा खाली काढला, मुरलेलं लाकूड आता एवढंच उरलंय म्हणत तिच्या हातात दिला. तिने तो तोलून बघितला, आणि तिला खडूचं अक्षर दिसलं.

"हे कोणासाठी ठेवलंय का? माझ्याआधी कोणी असेल तर मी थांबेन. मला सवय आहे लोखंडाची."

"कोणी नाही," पायवाला म्हणाला. "म म्हणजे मधला भाग. बुंध्याचा मधला."

आणि त्याने ते अक्षर अंगठ्याने पुसून टाकलं.

पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला समजावत राहिला. मेव्हणा काय, घरचाच आहे. सांभाळून घेईल. परक्या माणसाला निकृष्ट देता येत नाही, घरच्याचं काय ते आपण बघून घेऊ. काही बिनसलं तर दुरुस्त करायला आपण आहोतच की रोज समोर. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच त्याला ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागत होतं.

गाणाऱ्या बाईचा पाय त्याने असा केला की तसा आजवर केला नव्हता. ती तो बांधून उभी राहिली, चार पावलं चालली, डोळे मिटून कान देऊन ऐकत राहिली. काहीच ऐकू आलं नाही. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तो त्या दिवशी तरंगतच घरी गेला.

मग तो करवत घेऊन ओढ्यावर गेला. एका उभ्या, धडधाकट वाळुंजाची जाड फांदी त्याने कापली. नवी पालवी आलेली होती. कापल्या जागेतून पाणी ठिबकत राहिलं, त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. त्यातला एक तुकडा त्याने बेकरीत नेला. पावांची पाळी संपली की भट्टीत जी ऊब उरते, तिच्यात तो ठेवायचा, रोज.

"वरून साखर लावू का?" पाववाल्याने विचारलं. "आणि हे काय नवीन? तू तर लाकडाला उन्हात सुद्धा ठेवू देत नव्हतास."

"प्रयोग आहे," पायवाला म्हणाला.

तुकडा दिसायला सुकला. पायवाल्याने रंधा मारला, तर कुरळे छिलके छान निघाले. बोटाच्या पेराने त्याने तो वाजवून बघितला. सुकलेलं वाळुंज मोकळं वाजतं. हे थप्प वाजलं. त्याने दुसऱ्यांदा वाजवून बघितलं नाही.

त्याने नडगी कोरली, आत खोबण केली, मांडीला बांधायचे पट्टे बसवले, वरून ओलं कातडं ताणून चिकटवलं. कातडं सुकताना आवळतं आणि लाकडाला धरून ठेवतं. शेवटी रंग दिला. घरी आणला तेव्हा बायकोने तो पाय मांडीवर घेऊन लहान मुलासारखा न्याहाळला.

"हा तो माळ्यावरचा ठोकळा ना?"

"वाळुंजच आहे," तो म्हणाला.

तिने एक विचारलं होतं आणि त्याने दुसरंच सांगितलं होतं. पण तिला शंका घ्यायची सवय नव्हती. ती भावाला हाक मारायला आत गेली.

शाळा उघडली त्या सकाळी मेव्हणा फाटकातून चालत आत गेला. पायवाला आणि त्याची बायको रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मोठ्या बाई स्वतः पुढे आल्या. पोरांनी रांगा धरल्या होत्या. मेव्हण्याने मान वळवून पायवाल्याकडे एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. बायकोचा ऊर भरून आला. पायवाला खाली बुटांकडे बघत राहिला. आपल्याला ऊन लागतंय असं तो म्हणाला.

काही दिवस बरे गेले. मेव्हणा संध्याकाळी येऊन खोबण किंचित सैल झाल्यासारखी वाटते म्हणायचा, आणि पायवाला आत फलालीनची एक घडी लावून द्यायचा. लाकूड आकसत होतं. त्याला ते कळत होतं. रोज तो ठरवायचा की आज पाय काढून घेऊ, काहीतरी कारण सांगू, आणि रोज मेव्हणा इतक्या खुशीत घरी यायचा की उद्यावर जायचं.

मग तो दिवस उजाडला. ऊन भाजून काढणारं होतं. मेव्हणा मैदानावरच्या चौथऱ्यावर उभा राहून कवायत घेत होता. डावा, उजवा, डावा. जागच्या जागी पाय आपटायचे होते आणि तो अर्धवट काही करणारा माणूस नव्हता. डावा पाय त्याने पूर्ण ताकदीने आपटला आणि लाकूड नडगीत उभं फुटलं. कातडं टर्रकन फाटलं. मेव्हणा चौथऱ्यावर बसकण मारून पडला.

पहिल्या रांगेत लहान पोरं होती. मास्तर करतील ते करायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. ती सगळी धपाधप खाली बसली. मागच्या रांगांतून हसू फुटलं, मग ते थांबलं, आणि मैदानभर शांतता झाली.

हे पायवाल्याला नंतर शाळेच्या बागेतल्या माळ्याने सांगितलं. त्याला निरोप मिळून तो धावत पोचला तेव्हा मेव्हणा मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. कोपर सोललं होतं. तुटलेला पाय भिंतीला टेकवून ठेवला होता. पायवाल्याने तो उचलला. फुटलेल्या जागेतून आतलं लाकूड दिसत होतं. करडं, दमट. त्याला ओढ्याचा वास येत होता.

"पाऊल माझंच वाकडं पडलं," मेव्हणा बाईंना सांगत होता. "लाकडाचा काही दोष नाही. दाजींचं काम कधी चुकत नाही, कोणालाही विचारा. मीच जोर जास्त लावला."

पायवाल्याने तोंड उघडलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या, मेव्हणा बघत होता. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून गेलंय हे त्याला पायऱ्या उतरताना कळलं.

मोठ्या बाईंनी मेव्हण्याला काढलं नाही. पण पोरांसमोर पुन्हा असं घडलेलं त्यांना चालणार नव्हतं. त्यांनी कवायतीला नवा मास्तर घेतला आणि मेव्हण्याला क्रीडासाहित्याच्या खोलीत बसवलं. चेंडूंत हवा भरायची, दोऱ्या मोजून द्यायच्या, तासाची घंटा वाजवायची. "बसून करायचं काम आहे," मेव्हणा घरी म्हणाला. "आराम झाला." त्या दिवशी तो जेवताना एकदाही विनोद करून हसला नाही.

त्यानंतरच्याच एका संध्याकाळी गाणाऱ्या बाईचा कार्यक्रम रेडिओवर लागला. मेव्हण्यानेच सगळ्यांना गोळा केलं. पाववाला एक केक घेऊन आला. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, आणि तिची मुलाखत सुरू झाली. पुन्हा रंगमंचावर उभं राहणं कसं जमलं, असं निवेदकाने विचारलं.

"एका कारागिरामुळे," ती म्हणाली. "ओढ्याकाठच्या वाळुंजाचा पाय करून देतात ते. त्यांच्याकडे एकच जुनं, मुरलेलं लाकूड शिल्लक होतं, सगळ्यात चांगलं. ते त्यांनी मला दिलं. एका शब्दाने अडवलं नाही."

मेव्हण्याने कुबडी जमिनीवर ठोकून ठोकून टाळ्यांची कसर भरून काढली. "ऐकलंत? दाजी, ऐकलंत का? सगळ्या देशाने ऐकलं." पाववाला त्याच्या पाठीवर थाप मारत होता. पायवाला हात धुवायचे म्हणून उठला आणि मोरीत नळ सोडून उभा राहिला. हात स्वच्छच होते. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं माणसं का म्हणतात ते त्याला त्या क्षणी समजलं.

मागे बायको येऊन उभी होती. तिने नळ बंद केला.

"एकच लाकूड शिल्लक होतं म्हणाली ती," बायको हळू म्हणाली. "मग याचा पाय कशाचा होता?"

तो टॉवेलने स्वच्छ हात पुसत राहिला.

"तुम्ही त्याला सांगताय, की मी सांगू?"

"मी सांगतो," तो म्हणाला. "उद्या."

"उद्या म्हणजे उद्या," ती म्हणाली आणि केक कापायला बाहेर गेली. त्या रात्री आणि पुढे बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

सकाळी मेव्हणा कार्यशाळेत आला. नव्या पायाचं माप घ्यायचं म्हणून पायवाल्यानेच त्याला बोलावलं होतं. मेव्हणा बाकावर बसला, पँट वर गुंडाळली. पायवाला टेप हातात घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि माप न घेता त्याने सगळं सांगितलं. फांदी, भट्टी, थप्प वाजलेला तुकडा. काही गाळलं नाही. सांगताना त्याची नजर मेव्हण्याच्या गुडघ्याच्या वर गेली नाही.

मेव्हण्याने त्याच्या हातातली टेप काढून बाकावर ठेवली.

"तिला माहीत होतं? ते लाकूड माझं आहे म्हणून?"

"नाही. तिने विचारलं होतं, कोणी आधी आहे का. असेल तर थांबते म्हणाली होती."

"मग?"

"मी सांगितलं, कोणी नाही."

"कोणी नाही," मेव्हणा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चेंडू मोजावेत तसे त्याने ते दोन शब्द मोजले. "पाय मोडला त्याचं नाही हो काही. पाय मोडतात. पण मी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून तुमची बाजू घेत होतो, आणि तुम्ही ती घेऊ दिलीत."

'माझं चुकलं' हे शब्द पायवाल्याने उच्चारले, पण ते उच्चारताना त्यालाच ते तोकडे वाटले, आखूड चादरीसारखे, इकडे ओढले तर तिकडे उघडं पडणारे. मेव्हण्याने पँट खाली सोडली, कुबड्या काखेत घेतल्या आणि तो निघाला. त्याच आठवड्यात त्याने शाळेजवळ खोली घेतली. बहिणीने अडवलं नाही. ती त्याच्या भांड्यांची पेटी स्वतः घेऊन गेली आणि संध्याकाळी उशिरा परत आली.

रेडिओमुळे पायवाल्याचं नाव लांबवर पोचलं होतं. माणसं तिकिटं काढून यायची, दारातच हात जोडायची. "तुम्हीच ना ते?" असं कोणी म्हटलं की तो मान खाली घालून पटाशीला धार लावत बसायचा. लोकांना तो विनय वाटायचा आणि ते आणखीनच स्तुती करायचे. पाववाल्याला त्याने भट्टीतल्या तुकड्याची हकीकत सांगून टाकली. पाववाला त्यावर एकही विनोद करू शकला नाही, आणि त्या दिवसापासून थोडं अंतर राखून वागायला लागला. मोठ्या बाईंनाही तो जाऊन भेटला. दोष माझ्या कामाचा होता, मास्तरांचा नव्हता, असं त्याने त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगायला हवं होतंत. नवा मास्तर आता कायम झालाय."

गाणाऱ्या बाईला त्याने काही कळवलं नाही. तिला काय सांगणार? तिचा पाय चांगलाच होता.

त्या फांदीचे उरलेले तुकडे त्याने मेण लावून माळ्यावर रचले. ते सुकायला जेवढा काळ लागायचा तेवढा लागला. अधूनमधून तो शिडी लावून वर जायचा, एकेक वाजवून बघायचा आणि खाली यायचा. येणाऱ्यांना तो थांबायला सांगत होता. बरेच जण थांबत, काही शहरात जाऊन लोखंडी पाय करून घेत. दोन पावसाळे गेले. मेव्हणा रविवारी बहिणीकडे यायचा, पायवाला त्या वेळी कार्यशाळेत काम काढून बसायचा. दोघांनी हे कधी ठरवलं नव्हतं.

एका सकाळी त्याने एक तुकडा वाजवला आणि तो मोकळा वाजला. त्याने दुसऱ्यांदा वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला. मग बायकोला म्हणाला, "त्याला निरोप दे. यायचं असेल तर."

मेव्हणा आला. सरळ आत आला नाही. बाहेरच्या बाकावर बाकीचे बसले होते, त्यांच्या शेवटी जाऊन बसला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला. साचा नव्याने घ्यावा लागला, कारण मधल्या काळात पाय रोडावला होता. दोघं बोलले ते फक्त पायाबद्दल. इथे दुखतं का. नाही. इथे? थोडं. पट्टा आवळू? आवळा.

पाय तयार झाला तेव्हा बायकोही आली होती. मेव्हण्याने तो बांधला, भिंतीला धरून उभा राहिला, मग भिंत सोडली. कार्यशाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला.

"आपटून बघू?" त्याने विचारलं.

"बघा," पायवाला म्हणाला.

मेव्हण्याने डावा पाय उचलला आणि फरशीवर आपटला. फळीवरची रंध्याची पाती खणखणली. त्याने पुन्हा आपटला. पुन्हा, पुन्हा, दात आवळून, अंगातला सगळा जोर काढून. पाववाला दाराशी येऊन उभा राहिला. बाकावरची माणसं वाकून आत बघायला लागली. मेव्हण्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि त्याचं आपटणं थांबत नव्हतं. पायवाला भिंतीला पाठ लावून प्रत्येक आवाज ऐकत उभा होता. मधे पडून त्याला थांबवायचा अधिकार आपल्याला नाही हे त्याला माहीत होतं.

शेवटी मेव्हणा दमला. त्याने खाली वाकून नडगीवरून हात फिरवला, पट्टे तपासले, आणि तो सरळ झाला.

"ठीक आहे," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळून म्हणाला, "घंटेची वेळ होईल ताई. निघतो."

ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. तो ताठ चालत गेला, कुबड्या तिच्या हातात होत्या. पायवाल्याने फरशीवरचा भुसा झाडून कोपऱ्यात केला, टेप गळ्यात अडकवली आणि बाकावरच्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.